टोपलीची साक्ष

युरोपीय माणूस पहिल्यांदा आला त्या सुमाराच्या उत्तर अमेरिकेतल्या चेरोकी या मूळ रहिवाशांच्या जीवनावर लिहू पाहणारा कादंबरीकार आधी स्पॅनिश हकिकतींकडे वळतो. हेर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सेनानीचं सैन्य १५४० मध्ये आपालाचियन डोंगरांतून गेलं. पण त्या हकिकती लिहिणारे घाईतले, भुकेले आणि सोन्यामागे लागलेले होते. एका गावाने खायला ३०० कुत्री दिली, हे त्यांतल्या एकाने नोंदवलं. तिथल्या बायकांचा दिवस कसा जात होता, हे कोणीच लिहिलं नाही. कादंबरीला हवा असतो तो नेमका हाच दिवस, आणि त्याची जास्त भरवशाची साक्ष चेरोकी बायकांच्या दुहेरी विणीच्या टोपलीत सापडते.

नदीकाठच्या बारीक बांबूचा जून दांडा निवडायचा, तो उभा चिरून चार भाग करायचे, वरची चकचकीत साल सोलायची आणि तिची आतली बाजू वाकेल इतकी पातळ होईपर्यंत खरवडायची. काळ्या अक्रोडाने गडद रंग चढतो, ब्लडरूटच्या मुळीने तांबूस; त्यासाठी पट्ट्या रंगात उकळाव्या लागतात. वीण सुरू होते आतल्या तळापासून. भिंत चढवत काठाशी आलं की त्याच पट्ट्या बाहेर वळवायच्या आणि बाहेरची भिंत विणत खाली उतरायचं. म्हणजे काठावर जे वळण येणार, त्याचा हिशेब तळाशी पहिल्या पट्ट्या मांडतानाच झालेला असतो. हा बांबू ज्या बेटांतून येई, ती आपोआप टिकत नव्हती. माणसं ठरावीक काळाने आग लावून ती राखत. ‘माणसाचा हात न लागलेलं अरण्य’ असं वर्णन ज्या कादंबरीत येतं, ती इथेच खोटी पडते.

टोपलीच्या या साक्षीवर एक आक्षेप रास्त आहे: ब्रिटिश म्युझियममधली प्रसिद्ध टोपली १७२० च्या दशकातली, साउथ कॅरोलायनाचा गव्हर्नर फ्रान्सिस निकलसन याने मिळवलेली. तोवर लोखंडी सुरी घरोघरी पोचली होती. मग तिच्यावरून १५४० बद्दल कसं बोलायचं? नक्षीबद्दल बोलू नयेच. पण सुरीने कामाचा वेग बदलतो, क्रम नाही. आधी चिरणं, मग सोलणं, मग खरवडणं हे बांबूच ठरवतो. विसाव्या शतकात ही वीण जवळजवळ विस्मरणात गेली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या लॉटी स्टॅम्पर यांनी त्याच टोपलीच्या छायाचित्रावरून ती पुन्हा उलगडली. वस्तू आपली कृती किती घट्ट धरून ठेवते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप असा की टोपलीतून कथानक उभं राहत नाही, त्याला संघर्ष लागतो. पण सैन्य गावोगाव मागत होतं मका आणि ओझी वाहायला माणसं. चेरोकींमध्ये कूळ आईकडून चालत असे. शेत बायका कसत, घर त्यांचं, टोपल्यांतून मका साठवणं आणि चाळणंही त्यांचंच. त्यामुळे कणगीशी आलेल्या शिपायाची पहिली गाठ योद्ध्याशी नाही, घरधनिणीशी पडते. किती मका द्यायचा आणि बियाण्याचा कुठे लपवायचा, हे तिला त्या क्षणी ठरवावं लागतं. तलवारीच्या प्रसंगाआधी कादंबरीकाराने हा प्रसंग लिहावा.