चौघांपासून लाखांपर्यंत

मुंबई विद्यापीठ १८५७चे. बी.ए.चे पहिले पदवीधर मात्र १८६२ साली बाहेर पडले आणि तेही चौघेच : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला तेव्हा स्वतःचे दीक्षान्त सभागृहही नव्हते. फोर्टमधली आजची देखणी वास्तू कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभी राहिली. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. बांधकाम १८७४मध्ये पुरे झाले. आत गेलात तर मान वर करून गोल खिडकी जरूर पाहा, तिच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत.

आता पदवीधरांची संख्या लाखाच्या घरात गेली आहे. त्यामुळे बहुतेकांच्या हाती पदवी पडते ती आपापल्या कॉलेजातच, आणि म्हणून तो छोटा समारंभ मला अधिक मोलाचा वाटतो. घरातली पहिली पदवीधर मुलगी भाड्याचा झगा सावरत मंचावर चढते, तेव्हा मागच्या रांगेत आई मोबाइल उंच धरून उभी असते. तिथे प्रत्येकाचे पूर्ण नाव नीट पुकारले गेलेच पाहिजे. वेळ कमी पडत असेल तर पाहुण्यांची भाषणे आवरती घ्यावीत.