पंगतीतील शेजार

दुपारच्या सुटीत शाळेच्या पडवीत पंगत बसते. ताटलीत खिचडी पडते आणि पहिल्या घासापूर्वीच एखादा मुलगा तीतील दुधीच्या फोडी वेचून कडेस लावू लागतो. शेजारचा क्षणभर ते पाहतो. काल त्याच फोडी त्याने मुकाट्याने खाल्लेल्या असतात; आज त्याचीही बोटे वेचू लागतात. पंगत उठेपर्यंत चार-पाच ताटल्यांच्या कडेस भाजीचे लहान ढीग साचतात आणि ‘मुलांना भाजी आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून शिक्षक मोकळे होतात. पहिल्या मुलापुरता तो खराही असेल. उरलेल्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न जिभेचा नसून शेजाराचा असतो.

भूक लागली म्हणजे माणूस खातो व पोट भरले म्हणजे थांबतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शरीरात तशी व्यवस्था आहेही. जठर व आतडी यांच्याकडून मेंदूस सारखे संदेश पोचत असतात. परंतु तृप्तीचा संदेश पोचण्यास काही वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत ताटात किती आहे, पंक्तीस कोण आहे, वाढणारा काय म्हणतो, या बाहेरच्या गोष्टी आपला अंमल गाजवितात. लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर आणखी दोन जिलब्या घेणाऱ्यास भूक लागलेली असते, असे कोणी म्हणणार नाही.

काय खावे, हे तर पुष्कळ अंशी माणूस जन्मण्यापूर्वीच ठरलेले असते. कोकणात भात व मासळी, घाटावर ज्वारी-बाजरीची भाकरी, ही वाटणी जमिनीने व पावसाने केली. तथापि हीदेखील अढळ नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील खेड्यांना परदेशातून आलेली तांबडी मिलो खावी लागली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. पुढे रास्त भावाच्या दुकानांतून गहू व तांदूळ मिळत गेले, तशी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाणाऱ्या घरांतही पोळी व भात नित्याचे झाले. जीभ तीच राहिली, दुकान बदलले.

मुलाची जीभ तर याहूनही लवकर वळते. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. बालवर्गातील प्रत्येक मुलास दोन भाज्यांपैकी कोणती अधिक आवडते, हे तिने प्रथम पाहून ठेवले. नंतर एखाद्या मुलास, ज्यांची आवड त्याच्या उलट आहे अशा तीन-चार मुलांच्या समवेत सलग चार दिवस जेवावयास बसविले. पहिल्या दिवशी मुलाने आपली आवडती भाजी उचलली. चौथ्या दिवसापर्यंत अनेक मुले सोबत्यांच्या आवडीची भाजी घेऊ लागली. कोणी उपदेश केला नव्हता, बक्षीस दिले नव्हते. वयाने लहान असलेल्या मुलांवर हा परिणाम अधिक दिसला. भाजी वेचणारी चार मुले एकत्र बसविणे व आवडीने खाणाऱ्यांत एखाद-दुसरा वेचणारा बसविणे, यांत केवढा फरक आहे हे यावरून ध्यानात यावे. शेजाराचा हा गुण उलट्या दिशेनेही चालतो. स्वयंपाक कोणी केला यावरून एखाद्या घरच्या मुलाने नाक मुरडले किंवा कोणास पंक्तीच्या टोकास बसविले गेले, तर तेही इतर मुले तितक्याच तत्परतेने शिकतात.

किती खावे, हेही मूल बाहेरूनच शिकते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, साडेतीन वर्षांच्या आसपासची मुले ताटात थोडे वाढले काय अन् पुष्कळ वाढले काय, सारखेच खात. पाच वर्षांची मुले मात्र अधिक वाढले की अधिक खात. म्हणजे शाळेत पाऊल टाकण्याच्या सुमारास मूल पोटाऐवजी ताटाकडे पाहू लागते. दटावणीचा परिणाम मात्र उलटा होतो. ‘संपव लवकर’ असा लकडा लावला असता मुलांनी सूप कमी घेतले व त्याविषयी तक्रारीही अधिक केल्या, असे २००६ च्या एका अभ्यासात आढळले. नवा पदार्थ पसंत पडण्यास आठ-दहा वेळा चव घ्यावी लागणे हे नेहमीचेच आहे; पहिल्या दिवशीच्या नकाराचा धसका घेण्याचे कारण नाही.

या विषयावर चमत्कृतिपूर्ण युक्त्याही पुष्कळ प्रसिद्ध झाल्या आहेत. त्या सर्वच विश्वासार्ह नाहीत. फळावर चित्र चिकटविल्यास मुले ते अधिक उचलतात, असे सांगणारा एक गाजलेला निबंध २०१७ मध्ये मागे घ्यावा लागला. जी मुले आठ ते अकरा वर्षांची म्हणून सांगितली होती, ती प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची निघाली! रंगीत चित्रांवर खर्च करण्यापूर्वी पंगतीची बैठक पाहावी, हे बरे.

फाटकाबाहेरील दुकानाचाही विचार करावयास हवा. दारातच टांगलेली कुरकुरीत पदार्थांची पाकिटे मूल येताजाता पाहते, आणि जे नजरेसमोर व हाताच्या अंतरावर असते त्याची इच्छा भुकेवाचूनही होते. अतिमेद, अतिमीठ व अतिसाखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे. गावातील दुकानदारास हे ठाऊक असतेच असे नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन सांगितल्यास काम सोपे होते.

शासनाच्या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने धरली आहेत. ती पातेल्यात असतात; पोटात किती जातात हे पंगत ठरविते. सकाळी उपाशीपोटी आलेल्या मुलाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. त्यास आणखी हवे असते, परंतु कोणी मागितले की शेजारी हसतात, ‘खादाड’ म्हणतात, हे त्याने पाहिलेले असते. म्हणून ते रिकाम्या ताटलीत बोट फिरवीत बसते. ‘कोणाला हवे आहे?’ असे दुरून ओरडून विचारल्यास त्याचा हात वर येत नाही. वाढणारी पातेले घेऊन दुसऱ्यांदा पंक्तीतून फिरली व न विचारता प्रत्येकासमोर क्षणभर थांबली, तर तीच ताटली हळूच पुढे सरकते.