सभेला न आलेला भाडेकरू

आजचा प्रश्न साधा आहे. शहरात घरं कमी का पडतात? जागा नाही म्हणून? पैसा नाही म्हणून? कधी कधी खरं कारण वेगळंच असतं: सभेला कोण आलं आणि कोण आलं नाही.

उदाहरण घेऊ सॅन फ्रान्सिस्कोचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी तिकडे आयटीत असतं, त्यामुळे तिथल्या भाड्याचं रडगाणं ऐकलेलं असतं. १९७८ मध्ये तिथले नियम बदलले आणि शहराच्या मोठ्या भागात इमारतींची उंची ४० फुटांवर अडकली. म्हणजे चारेक मजले, बस्स. वर जाहीर सुनावण्या. सुनावणीला येतात शेजारचे घरमालक. सावली पडेल, पार्किंग मिळणार नाही, या त्यांच्या तक्रारी खोट्या नसतात. पण त्या इमारतीत जे राहायला आले असते, ते तिथे नसतातच. आपलं घर आज रद्द झालं, हे त्यांना कळतच नाही.

आमच्या कामात हे नेहमीचं आहे. ज्याच्या फोनवर ॲप उघडलंच नाही, तो ॲपमधून फीडबॅक कसा देणार? मग आपण समजतो, सगळं मस्त चाललंय.

ही रिकामी खुर्ची सोन्या ट्रॉस या गणिताच्या शिक्षिकेने ओळखली. २०१४ च्या सुमारास त्यांनी भाडेकरूंचा एक गट जमवला. काम काय? सुनावणीच्या तारखा बघायच्या, नोकरी सांभाळून तिथे जायचं आणि दोन-तीन मिनिटांत सांगायचं, ‘ही घरं होऊ द्या.’ या चळवळीला आज यिंबी म्हणतात, म्हणजे ‘येस इन माय बॅकयार्ड’.

आता खरी गंमत ऐका. जवळच्या लाफायेत या छोट्या गावात ३१५ फ्लॅटचा प्रस्ताव होता. विरोध झाला आणि तो ४४ बंगल्यांवर आला. बिल्डरही तयार झाला. पण कॅलिफोर्नियात १९८२ चा एक कायदा आहे: नियमात बसणारी घरं आरोग्य किंवा सुरक्षिततेचं ठोस कारण असल्याशिवाय नाकारता येत नाहीत, कमीही करता येत नाहीत. आणि दावा कोण लावू शकतं? तिथे राहायला येऊ शकला असता असा माणूससुद्धा! २०१५ मध्ये या मंडळींनी दावा लावला. तो तडजोडीने मिटला. २०१८ मध्ये गावाने मतदान करून ते ४४ बंगलेही नाकारले. मग बिल्डरने ३१५ फ्लॅटचा जुना प्रस्ताव पुन्हा काढला. २०२० मध्ये नगर परिषदेने तो मंजूर केला आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ती मंजुरी कायम ठेवली.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातले भाडेकरू कार्यकर्ते म्हणतात, महागडे फ्लॅट आले की जुने गरीब भाडेकरू उठवले जातात. मला यात तथ्य वाटतं. नवी इमारत उभी राहायला वर्षं लागतात. ज्याला याच महिन्यात घर सोडायचंय, त्याचं काय? त्याला आज संरक्षण हवं आणि उद्यासाठी घरंही हवीत. एकाच्या नावाखाली दुसरं अडवू नये, इतकंच.

आता आपल्याकडे या. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की ‘हरकती व सूचना’ मागवतात. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि तो मसुदा नव्याने करावा लागला. म्हणजे लोकांनी लिहिलं की फरक पडतो. पण त्या नावात दोन शब्द आहेत. ‘हरकती’ आपण बरोबर लक्षात ठेवतो, ‘सूचना’ विसरतो. ‘आमच्या स्टेशनजवळ परवडणारी भाड्याची घरं हवीत’ हीसुद्धा सूचनाच आहे.

पुढच्या वेळी तुमच्या शहराची नोटीस निघाली, तर एक पान लिहा. जो अजून राहायला आलेला नाही, त्याच्यासाठी. कदाचित तो तुम्हीच असाल. भेटू पुढच्या भागात!