पेटंटचा शोध आणि ग्रंथालय सेवक

आमच्या ग्रंथालयातील सेवकांना मी पेटंट शोधायला शिकवतो, हे ऐकून 'कला महाविद्यालयाचा पेटंटशी संबंध काय?' असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी हळदीची हकिगत सांगावी लागते.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. आपल्याकडे विळीवर बोट कापले की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. परंतु त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. ती कोठेतरी छापलेली असावी लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या पेटंटला आव्हान दिले, ते ३२ संदर्भ जमवून. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ साली ते दावे फेटाळले गेले. आजीचे ज्ञान खरेच होते, पण कामी आला तो कपाटातला कागद. आणि कपाटाची किल्ली ग्रंथालयाकडे असते!

पेटंटला शासकीय मराठीत 'एकस्व' म्हणतात. शोधकर्त्याला आपल्या देशात अर्जापासून २० वर्षे मक्तेदारी मिळते. मोबदल्यात त्याने आपली युक्ती सविस्तर लिहून द्यायची. हे लिखाण साधारणपणे १८ महिन्यांनी सर्वांना खुले होते.

सडक अर्जुनीचा परिसर धानाचा, म्हणून सरावाला मी रोवणीचे यंत्र घेतो. सेवक संगणकावर यंत्राचे नाव टाकतो. थोडे सापडते, पुष्कळ निसटते. पेटंटची भाषाच अशी की दोरीला दोरी न म्हणता 'लवचीक लांबट घटक' म्हणावे! पण ड्यूईच्या पद्धतीत ६३३ म्हणजे शेतातील पिके, हे ज्याच्या बोटांवर आहे त्याला आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण परके वाटत नाही. 'ए०१' म्हणजे शेती, 'ए०१सी' म्हणजे पेरणी-लावणी, आणि 'ए०१सी ११/०२' म्हणजे पऱ्हे लावण्याची यंत्रे. एक चांगले पेटंट हाती लागले की त्याचा वर्गांक टिपायचा, त्याने पुन्हा शोधायचे, मग त्यात उल्लेखिलेली जुनी पेटंटे काढायची. सारांशावर थांबू नये. संरक्षण असते ते दाव्यांना. फी न भरल्याने पेटंट संपलेले असेल, किंवा ते भारतात घेतलेलेच नसेल, तर ती युक्ती येथे वापरायला त्या पेटंटची आडकाठी नाही. कर्ज काढून यंत्र बनवू पाहणाऱ्या वेल्डिंगवाल्याला हे आधी कळलेले बरे.

दोन पथ्ये मात्र कडक. कायदेशीर सल्ला आपण द्यायचा नाही. त्यासाठी पेटंट अभिकर्ता असतो. आणि वाचकाने काय शोधले, हे चहाच्या टपरीवर बोलायचे नाही. अर्जाआधी युक्ती जाहीर झाली तर तिचे नावीन्यच धोक्यात येते.

भारतीय पेटंटे सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. नागपूर आपल्याला जवळ. तेथे १९८० साली पेटंट माहिती केंद्र सुरू झाले आणि राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही तेथेच आहे.

पुढचा सराव मोहफुलांचा ठेवला आहे. मोह, महुआ, मधुका ही नावे सेवकांनी स्वतःच काढली. जुन्या इंग्रजी वनस्पतिग्रंथांत हेच झाड 'बॅसिया' नावाने येते, ते मी सुचवले. आता त्या नावाने आपल्याच कपाटांत काय निघते, ते पाहणे सुरू आहे.