केसांचा टोप कसा सांभाळावा

कर्करोगाची औषधे घेताना पुष्कळदा डोक्याचे केस गळतात. औषधे संपली, की बहुधा ते पुन्हा उगवतात. पण तोवर चारचौघांत जायचं बाईला अवघड वाटतं. म्हणून काहीजणी माणसाच्या केसांचा टोप घालतात. गंगावन आपण पाहिलं आहेच. हाही त्यातलाच प्रकार.

टोप महाग असतो. तो टिकवायचा कसा, ते आम्ही सांगतो.

टोपाचे केस खरे असले, तरी त्यांना मूळ नाही. आपल्या केसांना टाळूतून तेलकटपणा मिळतो. टोपाला कुठून मिळणार? म्हणून ते लवकर कोरडे पडतात नि तुटतात.

टोप रोज धुऊ नये. १०-१२ वेळा घातल्यावर धुवावा. नांदेड-लातूरकडे पुष्कळ बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाची मळी केसांवर बसते. तेव्हा पावसाचं स्वच्छ पाणी, नाही तर उकळून गार केलेलं नि निवळलेलं पाणी घ्यावं. शांपू सौम्य असावा. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. एका बादलीत काम भागवावं.

धुण्याआधी रुंद दातांच्या फणीने टोकापासून वर गुंता सोडवावा. टोप चोळू नये, पिळू नये. पंच्यात दाबून पाणी टिपावं. मग उपड्या घागरीवर घालून सावलीत वाळवावा. खोबरेल लावायचंच, तर टोकांना दोन थेंब.

चुलीपाशी बसताना टोप काढावा. धगीने केस करपतात. झोपतानाही काढावा. उन्हाळ्यात आत पातळ सुती टोपी घालावी, म्हणजे घाम लागत नाही.

घरातल्यांनी टोपाला हसू नये. दुखणाईताला औषधाबरोबर आपल्या माणसांचा धीरही हवा असतो.