प्रतिमाने व अन्वेषणपद्धती, शालेय विज्ञानातील

निसर्गातील एखादी वस्तू, घटना किंवा प्रक्रिया समजून घेण्यासाठी, तिच्याविषयी भाकीत करण्यासाठी वा ती इतरांस समजावून देण्यासाठी तिचे जे निवडक व सोपे रूप कल्पिले जाते, त्यास वैज्ञानिक प्रतिमान (मॉडेल) म्हणतात. निसर्गाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याच्या आधारे मिळविण्याच्या शिस्तबद्ध रीतीस अन्वेषणपद्धती ही संज्ञा आहे. या दोहोंचा पद्धतशीर परिचय साधारणतः इयत्ता ६ वी ते ८ वीच्या, म्हणजे ११ ते १४ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांस करून दिला जातो. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांच्या मते सु. ११–१२ व्या वर्षापासून मूल प्रत्यक्ष वस्तूंच्या पलीकडे जाऊन ‘असे असेल, तर काय होईल’ असा विचार करू लागते. प्रतिमान आणि अन्वेषण या दोहोंच्या मुळाशी हाच विचार आहे. म्हणून या विषयाची उजळणी हा विज्ञानाच्या अध्यापनातील महत्त्वाचा भाग ठरतो.

प्रतिमानांचे प्रकार : भौतिक प्रतिमाने डोळ्यांनी पाहता व हाताळता येतात. पृथ्वीचा गोल, मानवी सांगाडा, काड्या व मण्यांनी जोडलेली रेणूंची रचना ही त्यांची उदाहरणे होत. आकृती, नकाशा व आलेख ही चित्ररूप प्रतिमाने आहेत. वेग, अंतर व काल यांचा संबंध दाखविणारे सूत्र हे गणिती प्रतिमान आहे. ‘वायू हा सतत हालचाल करणाऱ्या सूक्ष्म कणांचा समूह आहे’ ही कल्पना संकल्पनात्मक प्रतिमान होय. हवामानाच्या अंदाजासाठी संगणकावर चालविली जाणारी प्रतिमाने गणिती प्रतिमानांचाच विस्तार आहेत.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतून ‘मॉडेल’ हा शब्द पुठ्ठा, रंग व दिवे यांनी सजविलेल्या शोभिवंत वस्तूसाठी रूढ झाला आहे. अशी वस्तू कौशल्याने केलेली असली, तरी तिच्यावरून कोणतेही भाकीत करता येत नसेल, तर तिला वैज्ञानिक अर्थाने प्रतिमान म्हणता येत नाही. पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीतून खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचा फेस बाहेर येतो; खरा उद्रेक वितळलेल्या खडकातील वायूंच्या दाबाने होतो. दोहोंत साम्य कोठे आहे व भेद कोठे आहे, हे विद्यार्थ्यास सांगता आले, तरच त्या वस्तूचा शैक्षणिक उपयोग होतो.

प्रतिमानांच्या मर्यादा : प्रतिमानात मूळ वस्तूचे काही गुणधर्म घेतलेले व बाकीचे सोडून दिलेले असतात. काय सोडले आहे, हे स्पष्ट न केल्यास प्रतिमान स्वतःच गैरसमजास कारण होते. चंद्राच्या कला समजावून देण्यासाठी वर्गात एक दिवा, पृथ्वीचा गोल व एक चेंडू घेतात. चेंडू गोलापासून हातभर अंतरावर फिरविला जातो. या मांडणीत पौर्णिमेच्या स्थितीस चेंडू बहुधा गोलाच्या सावलीत सापडतो. त्यामुळे चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात किंवा प्रत्येक पौर्णिमेस ग्रहण व्हावयास हवे, असा समज विद्यार्थी करून घेतात.

प्रमाणबद्ध मांडणी केल्यास या गैरसमजाचे कारण दिसून येते. पृथ्वीचा व्यास सु. १२,७४२ किमी., चंद्राचा सु. ३,४७४ किमी. आणि दोहोंतील सरासरी अंतर सु. ३,८४,४०० किमी. म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या सु. ३० पट आहे. पृथ्वीचा गोल ३० सेंमी. व्यासाचा घेतल्यास चंद्र सु. ८ सेंमी. व्यासाचा घ्यावा लागेल व तो सु. ९ मी. अंतरावर ठेवावा लागेल. याच प्रमाणात सूर्य सु. ३३ मी. व्यासाचा असून सु. ३.५ किमी. दूर असेल. शिवाय चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सु. ५° कललेली असल्याने चंद्र बहुतेक पौर्णिमांना पृथ्वीच्या सावलीच्या वरून वा खालून निघून जातो. वर्गातील दिवा-चेंडूचे प्रतिमान कलांचे कारण बरोबर दाखविते. अंतरे व कक्षेचा कल ते दाखवीत नाही. ते टाकाऊ ठरत नाही, परंतु ते कोठवर लागू पडते हे सांगणे आवश्यक असते.

प्रतिमाने कायमची नसतात, हेही याच टप्प्यावर सांगितले जाते. जे. जे. टॉमसन यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या अणूच्या प्रतिमानात धन विद्युत् भार सर्वत्र पसरलेला होता. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये तो सूक्ष्म अणुकेंद्रात एकवटलेला असल्याचे दाखविले. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये त्या प्रतिमानात पुन्हा सुधारणा केली. प्रत्येक वेळी बदलाचे कारण नवा पुरावा किंवा जुन्या प्रतिमानातून न सुटणारी अडचण हे होते.

अन्वेषणाचे प्रकार : शालेय स्तरावर अन्वेषणाचे तीन प्रकार मानतात. वर्णनात्मक अन्वेषणात निरीक्षणे व मोजमापे यांची पद्धतशीर नोंद केली जाते. उदा., सपाट जमिनीत उभी काठी रोवून रोज मध्यान्हीच्या सुमारास तिच्या सर्वांत आखूड सावलीची लांबी मोजणे. ‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो’ या सर्वसामान्य समजुतीची परीक्षा या साध्या साधनाने होते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनच दिवशी, मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, बरोबर डोक्यावर येतो. यांपैकी दुसरा दिवस बहुधा पावसाळी ढगांत झाकला जातो.

तुलनात्मक अन्वेषणात दोन परिस्थितींतील फरक नोंदविले जातात, मात्र परिस्थिती मुद्दाम बदललेली नसते. उन्हात व सावलीत वाढलेल्या एकाच जातीच्या झाडांच्या पानांची लांबी-रुंदी मोजणे, हे याचे उदाहरण होय. यावरून फरक आहे की नाही हे कळते. पण त्याचे कारण ऊनच आहे असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही जागांची माती व ओलही वेगळी असू शकते.

प्रायोगिक अन्वेषणात एकच घटक मुद्दाम बदलतात व इतर घटक स्थिर ठेवतात. बदलणाऱ्या राशीस चल म्हणतात. लंबकाचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. दोऱ्याची लांबी, टांगलेल्या वस्तूचे वजन व झोक्याचा विस्तार यांपैकी कशामुळे आंदोलनाचा काल बदलतो, असा प्रश्न दिल्यास अनेक विद्यार्थी दोरा लांब करतानाच वस्तूही जड घेतात. काल वाढलेला दिसतो, पण तो कशामुळे वाढला हे सांगता येत नाही. एका वेळी एकच चल बदलल्यावर वजनाचा परिणाम होत नाही व लहान विस्तारासाठी झोक्याचाही जवळजवळ होत नाही, असे आढळते. २५ सेंमी. लांबीच्या लंबकाचा आवर्तनकाल सु. १ सेकंद, तर १ मी. लांबीच्या लंबकाचा सु. २ सेकंद असतो. एकाऐवजी वीस आंदोलनांचा काल मोजून त्यास वीसने भागल्यास मोजमापातील चूक कमी होते, हा धडाही याच प्रयोगातून मिळतो.

काळजीपूर्वक मोजमाप केले, तरी निष्कर्ष चुकू शकतो. यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट यांच्या प्रसिद्ध प्रयोगात (मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रकाशित) २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून त्यास केवळ पाणी दिले होते. पाच वर्षांनी झाडाचे वजन सु. १६९ पौंड भरले व माती केवळ सु. २ औंसांनी घटली. वनस्पतीचे शरीर मातीपासून बनत नाही, हा निष्कर्ष योग्य होता. ते केवळ पाण्यापासून बनते, हा निष्कर्ष मात्र चुकला, कारण त्यांच्या विचारात हवेस स्थान नव्हते. ‘गॅस’ ही संज्ञा ज्यांनी रूढ केली, त्यांच्याकडूनच हे घडले. काय मोजावयाचे हे मनातील प्रतिमानच ठरविते. म्हणून प्रतिमान व अन्वेषण यांची उजळणी एकत्र करणे इष्ट असते.

मेणबत्तीचा प्रयोग : मायकेल फॅराडे यांनी मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांतून (१८६०–६१) मेणबत्तीस विज्ञानशिक्षणात मानाचे स्थान मिळवून दिले. मेणबत्तीचाच आणखी एक प्रयोग शाळांतून वर्षानुवर्षे केला जातो. पाण्याच्या बशीत पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवतात. मेणबत्ती विझते व पेल्यात पाणी चढते. ज्वलनात ऑक्सिजन संपला, हवेत तो सु. एकपंचमांश असतो, म्हणून पाणी एकपंचमांश उंचीपर्यंत चढले, असे स्पष्टीकरण वहीत लिहून दिले जाते.

हे स्पष्टीकरण खरे असेल, तर त्यावरून दोन भाकिते करता येतात. मेणबत्ती जळत असतानाच पाणी हळूहळू चढावयास हवे. आणि मेणबत्त्या कितीही घेतल्या, तरी पाण्याची उंची तीच राहावयास हवी. विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहिल्यास पाणी मुख्यतः ज्योत मंदावताना व विझल्यावर भराभर चढते असे दिसते. पेला ठेवताना त्याच्या कडेने हवेचे बुडबुडेही कधी कधी बाहेर पडतात. दोन किंवा तीन मेणबत्त्या घेतल्यास पाणी अधिक वर जाते. दोन्ही भाकिते चुकतात. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून तिचा काही भाग बाहेर जातो व उरलेली हवा निवताना आकुंचन पावते, हे पाणी चढण्याचे मुख्य कारण होय. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सु. २१ टक्क्यांवरून सु. १६ टक्क्यांवर आले की मेणबत्ती विझते. सर्व ऑक्सिजन संपत नाही. शिवाय ज्वलनात कार्बन डाय-ऑक्साइडही निर्माण होतो.

ऑक्सिजनचे प्रमाण दाखविण्यासाठी दुसरी रीत उपलब्ध आहे. परीक्षानळीच्या तळाशी लोखंडाचा ओला कीस घट्ट बसवून ती पाण्यात उपडी ठेवल्यास काही दिवसांत लोखंड गंजते व पाणी नळीच्या सु. एकपंचमांश भागापर्यंत चढून थांबते. पुरेशा लोखंडात आणखी भर घातली, तरी पाणी त्याहून वर जात नाही. मेणबत्तीच्या प्रयोगात चुकलेले भाकीत येथे खरे ठरते. उत्तराचा आकडा जुळला म्हणून स्पष्टीकरण बरोबर ठरत नाही, ही गोष्ट या दोन प्रयोगांच्या तुलनेतून विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते.

उजळणीची रीत : मराठी शाळांत उजळणी हा शब्द मुख्यतः पाढ्यांच्या पाठांतराशी निगडित आहे. व्याख्या व ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ ही चौकट पाठ करून घेणे, असेच विज्ञानाच्या उजळणीचे स्वरूप पुष्कळदा असते. प्रयोग होण्यापूर्वीच अनुमान फळ्यावर लिहिले जाते, आणि हाती आलेली नोंद त्याच्याशी जुळली नाही, तर विद्यार्थी नोंद खोडतो. डोळ्यांनी पाहिलेले खोटे मानण्याची ही सवय पुढे मोडणे कठीण जाते. विज्ञानशिक्षणाचा हेतू नेमका याच्या उलट आहे.

याउलट ज्या उजळणीत प्रत्येक प्रतिमानाविषयी काही ठराविक प्रश्न विचारले जातात, ती अधिक फलदायी ठरते. ते प्रश्न असे : हे प्रतिमान काय दाखविते, काय सोडून देते, त्यावरून कोणते भाकीत करता येईल, ते चुकले, तर काय बदलावे लागेल? अन्वेषणाविषयीही गृहीतक (तपासण्यासाठी मांडलेले तात्पुरते उत्तर) कोणते होते, कोणता चल बदलला, कोणते स्थिर ठेवले, तुलनेसाठी नियंत्रक संच होता काय व प्रयोग किती वेळा केला, हे विचारले जाते. वर्गातील सर्व गटांची मोजमापे फळ्यावर एकत्र मांडल्यास त्यांतील स्वाभाविक फरक व मुद्दाम तपासावी अशी चूक यांतील भेद लक्षात येतो. शिक्षकास उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगून प्रयोग सुचविणे, हेही या रीतीत बसते.

भारतातील प्रयत्न : या दिशेने झालेला सर्वांत विस्तृत प्रयत्न म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम होय. किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत (इयत्ता ६ वी ते ८ वी) तो सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिकांनी त्यास साहाय्य केले. १९७८ मध्ये तो संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्यात लागू झाला व १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे चालविला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकमालेत तयार उत्तरे न देता प्रयोग व प्रश्न दिलेले होते. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा असे व प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होई. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तथापि पुढील काळातील अभ्यासक्रमविषयक विचारांवर त्याचा प्रभाव राहिला.

महाराष्ट्रात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांतून विज्ञान अध्यापनाचे प्रारंभीचे काम केले. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत विद्यार्थी आपल्या परिसरातील प्रश्नांवर गटाने अन्वेषण करून अहवाल मांडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता ६ वी ते ८ वी हा स्वतंत्र टप्पा मानून अनुभवाधारित अध्ययनावर भर दिला आहे. यासाठी लागणारे साहित्य काठी, दोरा, पेला व मेणबत्ती इतके साधे असते. प्रयोगास पुरेसा वेळ, लहान गट आणि न जुळणारी नोंदही पूर्ण गुणांस पात्र मानणारी परीक्षापद्धती यांवरच या अध्यापनाचे यश मुख्यतः अवलंबून असते.