इमारत पडते कुठून?

श्रोतेहो, तालुक्याच्या गावी हल्ली तीन-चार मजली इमारती उभ्या राहताना आपण पाहतो. खाली गाळे किंवा गाड्या लावायला मोकळी जागा, वर बिऱ्हाडे. आपली मुले पुण्या-मुंबईकडे जातात, तीही अशाच घरांत राहतात. आणि अशा इमारतींवर सळई बांधायला जाणारे हात तरी कुणाचे? बरेचसे खेड्यांतलेच. म्हणून शहरातल्या इमारतीची गोष्ट आज आपल्यापुढे मांडायची आहे.

आपल्याकडे भूकंप म्हटला की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे, यांनी तो घात केला. तेव्हापासून अनेकांच्या मनात असे बसले, की दगड-माती वाईट, सिमेंट-लोखंड चांगले. एकदा स्लॅब टाकला की काळजी मिटली.

हा समज २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत मोडला. भूकंप झाला कच्छमध्ये, तिथून दोनशे किलोमीटरांहूनही दूर. तरी अहमदाबादेत सिमेंट-लोखंडाच्या कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेंहून अधिक माणसे दगावली. उलट जुन्या शहरातल्या पोळींमधली, भिंतीत लाकडाचे पट्टे घातलेली घरे बहुतांशी उभी राहिली. काय म्हणावे याला?

पडलेल्या इमारतींत एक खोड पुष्कळ ठिकाणी सारखी होती. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, आणि तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर. भिंती असलेला वरचा भाग एखाद्या भरलेल्या पेटीसारखा ताठ असतो. जमीन हलली की ती पेटी वाकत नाही. सारे वाकणे खालच्या उघड्या खांबांच्या वाट्याला येते. आणि वरच्या सगळ्या मजल्यांचे ओझे तर त्यांच्याच डोक्यावर!

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. एका पुठ्ठ्यावर ओल्या मातीचे चार गोळे ठेवा, त्यांत चार सारख्या काड्या रोवा. काड्यांची वरची टोके खडूच्या भरलेल्या खोक्याला मातीनेच चिकटवा. आता पुठ्ठा हळूच डावी-उजवीकडे हलवा. खोक्याला काही होत नाही, काड्या मात्र कलतात. मग हलवण्याच्याच दिशेत दोन काड्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा भिंतीसारखा उभा चिकटवा आणि पुन्हा हलवून पाहा. मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.

अहमदाबादनंतर २००२ साली भारतीय मानकात असे आले, की तळमजला उघडा ठेवायचाच असेल तर तिथले खांब आणि तुळया अडीच पट जोर धरून आखाव्यात, नाहीतर काँक्रीटच्या सलग भिंती योग्य जागी द्याव्यात. नियम आला, तो प्रत्येक गल्लीत पाळला जातो असे मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आता खांबाच्या आत डोकावू. खांबात उभ्या सळया असतात आणि त्यांना आडव्या रिंगांनी बांधलेले असते. कडब्याची पेंढी आठवा. बंध पक्का असेल तर पेंढी आपटली तरी सुटत नाही. बंध सैल, की कडबा चौफेर. खांबाचेही तेच. रिंगेचे टोक नुसते काटकोनात वळवले, तर हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट निखळते आणि रिंग उघडते. टोक १३५ अंशांत वळवून खांबाच्या पोटात घुसवावे लागते. शिवाय खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी दोन रिंगांत १० सेंटिमीटरांहून जास्त अंतर नको. हे मानकात १९९३ पासून लिहिलेले आहे. याला सळई थोडी जास्त लागते, आणि वळवणाऱ्याचा हात थोडा जास्त दुखतो, एवढेच!

हे झाले भूकंपाचे. स्फोटाचे आणि घातपाताचे काय? लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली नवी इमारत होती. १६ मे १९६८ च्या सकाळी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. कोपऱ्याची एक भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्या आधाराने उभा असलेला तो सगळा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे गेली. तयार भिंती एकावर एक ठेवल्या होत्या खऱ्या, पण त्यांना एकमेकींशी पुरेसे बांधलेले नव्हते.

अमेरिकेत ओक्लाहोमा शहरी १९ एप्रिल १९९५ रोजी एका नऊ मजली सरकारी कचेरीपुढे स्फोटकांनी भरलेली मालमोटार उडवण्यात आली. १६८ माणसे मेली. दर्शनी बाजूला खाली मोजकेच खांब होते आणि वरचे खांब एका लांब तुळईवर तोलले होते. खालचे खांब गेले, तुळई गेली, मग वरचे सगळेच आले. पुढे तज्ज्ञांनी तपासून सांगितले, की भूकंपासाठी सळईची जी बांधणी करतात तीच इथे केली असती, तर पडझड पुष्कळ कमी झाली असती. म्हणजे पाहा, पेंढीचा तो पक्का बंध दोन्हीकडे कामी येतो.

स्फोटाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. मोठ्या इमारतींपुढे दगडी कुंड्या आणि लोखंडी खुंट रोवून गाड्यांना दूर ठेवतात, ते त्यासाठीच.

तेव्हा घर बांधायला काढले असेल, तर काँक्रीट ओतण्यापूर्वी खांबाच्या रिंगा मोजपट्टीने मोजा, टोके कशी वळवली आहेत ते पाहा. नंतर ती दिसणार नाहीत. इमारत आधीच उभी असेल आणि तळमजला उघडा असेल, तर तिथे भिंत कुठे घालायची, कोणत्या खांबाला बाहेरून नवी सळई आणि काँक्रीट चढवायचे, हे बांधकामाच्या इंजिनिअरकडून ठरवून घ्या. आणि दुकान मोठे दिसावे म्हणून त्याला न विचारता खालची भिंत पाडू नका.